कलम चौदा आणि आल्माचे दाणे

४ मे, शनिवार

थप्प.

सकाळी कॉफी ओतत होतो आणि हा आवाज कानात आला. तो बाहेरून नव्हता आला, एकेचाळीस वर्षांपलीकडून आला होता. जाडजूड पुस्तक कुणी फटकन मिटावं, तसा. ड्वेन हॉगलंडने टाकलेला चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये शिरताना असा वाजायचा. पोरगा अवघा बारा वर्षांचा, पण त्याचा चेंडू वाजला की सॉमिलच्या, म्हणजे लाकूडगिरणीच्या, मैदानापलीकडच्या कोठारावरची कबुतरं उडायची. नंतर मी शेकडो मुलं पाहिली. कबुतरं जागची हलली नाहीत.

कॉफी बशीत सांडली. माझी बायको ल्युएला असती तर म्हणाली असती, "कविता झाली असेल तर फडकं देते." नोव्हेंबरपासून फडकं मलाच शोधावं लागतं.

दुपारी अग्निशमन केंद्रात मुलांच्या बेसबॉल लीगच्या मंडळाची हंगामाची पहिली बैठक झाली. सात सभासद, चार संघ, अडतीस कलमांची पिवळी पुस्तिका. अध्यक्ष जिनेट पोलाशेक. तिचं हार्डवेअरचं दुकान आहे, पण टेबलावर आपटायला ती तुटक्या बॅटची मूठच वापरते. पाऊण तास कलम बाविसावर गेला: कुत्र्याने चेंडू पळवला तर दोन बेस द्यायचे, की कुत्रं ज्याचं त्याच्या संघाला एकच. मतदान झालं. कुत्रं कुणाचंही असो, दोनच.

मग कलम एकतीस. हे नवं आहे आणि माझ्यासाठीच केलंय: "उद्घाटनाची कविता दोन मिनिटांपेक्षा अधिक नसावी."

"अर्विड, दोन म्हणजे दोन," जिनेट म्हणाली. "गेल्या वर्षी तुझी कविता चालू असताना राष्ट्रध्वज धरलेला स्काउट चक्कर येऊन पडला."

शेवटी तिने हळूच विचारलं, "आणि खटका कुणाकडे देऊ?"

सगळे टेबलाकडे बघू लागले. आमच्याकडे प्रत्येक मैदानावर एक अधिकृत नोंद असते. वहीत खेळाच्या खुणा करायच्या आणि हातातल्या मोजणीच्या खटक्यावर पिचरचा प्रत्येक चेंडू दाबायचा. सॉमिलच्या मैदानावर तीस वर्षं वही माझी आणि खटका ल्युएलाचा.

"दोन्ही मीच करीन," मी म्हणालो.

"दोन हात, दोन कामं आणि डोक्यात कविता," डेअरी संघाचा प्रशिक्षक रॉस डेनिंगर पुटपुटला. "देवच वाली आहे."

त्याला लहानपणापासून ओळखतो. पस्तीस वर्षं या गावात टपाल वाटलं मी. त्याची प्रगतिपुस्तकंसुद्धा मीच पोचवली आहेत. तेव्हाही कुरकुरायचा.


११ मे, शनिवार

कविता दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली. जिनेटने शेवटचं कडवं बॅटच्या मुठीने गाडलं. हरकत नाही. शाळेत ओबर्गबाईंनी शिकवलं होतं, कविता अर्धी ऐकली तरी पूर्ण भिनते.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. सॉमिलच्या संघात एक नवीन मुलगी आली आहे, मारन वॉस. बारा वर्षांची, काटकुळी, आडनाव आईचं. आई वृद्धाश्रमात परिचारिका आहे, हे कुटुंब मार्चमध्येच इथे राहायला आलं. तिसऱ्या डावात प्रशिक्षक कर्टिसने तिला चेंडू दिला. तिने टोपी दोनदा पुढे ओढली, गुडघा उचलला, आणि

थप्प.

कोठारावरची कबुतरं उडाली. वहीत खूण करायची राहिली. डोळ्यात चिलट गेलं होतं.


८ जून, शनिवार

सराव संपल्यावर मारन डाव्या कोपऱ्यात उकिडवी बसून गवत चाचपत होती.

"काय शोधतेस गं?"

"जुना पाइप, मिस्टर टॉर्सगार्ड. इथं गवताखाली आहे म्हणे. चेंडू त्यात घरंगळतो आणि सापडत नाही."

तो पाइप बुजवूनच वीस वर्षं झाली असतील. "तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

"ते कुठं असतात?"

"ट्रकवर. आज नेब्रास्कात."

नेब्रास्का! किती लयदार शब्द. म्हणताना चाकं फिरल्यासारखी वाटतात. घरी येईपर्यंत तोच घोळवत होतो, दोन ओळीही जमल्या. काहीतरी विचारायचं राहून गेलं असं मात्र वाटतंय.


२२ जून, शनिवार

आज लिहूनच टाकतो.

ड्वेनचा प्रशिक्षक मी होतो. जुलैतला शनिवार, सकाळी एक सामना आणि दुपारी अंतिम. दोन्हीकडे मी त्यालाच उभं केलं. प्रत्येक डावानंतर विचारत होतो, "हात कसा आहे?" तो म्हणायचा, "मस्त." मीही ते ऐकून घ्यायचो, कारण मला तेच ऐकायचं होतं. शेवटच्या डावात आवाज बदलला. थप्पचं नुसतं टप झालं. कबुतरं बसून राहिली. करंडक मिळाला. ड्वेनचं कोपर पुन्हा कधी पूर्ण सरळ झालं नाही. त्या शरद ऋतूत हॉगलंड कुटुंब गाव सोडून गेलं. त्या दिवशी त्याने किती चेंडू टाकले, हे आजही मला सांगता येत नाही. कुणी मोजलेच नव्हते.

त्या हिवाळ्यात ल्युएला आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कलम चौदा लिहिलं. एका दिवसात पंच्याऐंशी चेंडू, त्यापुढे एकही नाही. मर्यादा ओलांडली तर तो संघ सामना हरला. मी पुढे लिहिणार होतो, "विशेष परिस्थिती वगळता." ल्युएलाने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि लिहिलं, "कारण काहीही असो."

ड्वेनला पत्रही लिहिलं होतं. पस्तीस वर्षं गावाची पत्रं पोचवली, तेवढं एक राहिलं. पिवळ्या पुस्तिकेच्या मूळप्रतीत घडी घालून ठेवलंय.


१३ जुलै, शनिवार

जिंकलो! उपांत्य सामना, सॉमिल तीन, डेअरी दोन! एकोणीस वर्षांनी आम्ही अंतिम फेरीत!

मारनने सहाही डाव टाकले. चौथ्या डावात पाकोळ्या मैदानावर उतरल्या होत्या, आणि मला या ओळी सुचल्या:

मोजून दिल्या श्वासांवरती उडे पाखरू निळे,
मोजायाचे विसरून जाई ज्याला आभाळ मिळे.

सहाव्या डावात एक गालबोट लागलं. रॉसची सासू आल्मा, वय त्र्याऐंशी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, डेअरीच्या बाजूला घडीच्या खुर्चीत बसते आणि दर चेंडूला राजम्याचा एक दाणा एप्रनच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकते. ती एकदम ओरडली, "पंच्याऐंशी झाले! काढा पोरीला!"

अंपायरने माझ्याकडे बघितलं. मी खटका वर धरला. अठ्ठ्याहत्तर.

"अधिकृत नोंद ग्राह्य," अंपायर म्हणाला. "खेळा."

शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा खटक्यावर चौऱ्याऐंशी होते. एक शिल्लक! रॉसने मात्र तिथेच, अंपायर मैदान सोडायच्या आत, रीतसर लेखी हरकत दिली. जिनेटचा फोन आला: "काळजी करू नकोस. एकीकडे तुझी वही, दुसरीकडे उसळीचं सामान. सोमवारी बैठकीत ये, नोंद बरोबर आहे अशी सही कर, पाच मिनिटांत घरी."

मारन जाताना म्हणाली, "मिस्टर टॉर्सगार्ड, अंतिम सामन्याला बाबा येणार आहेत. सुट्टी काढलीये." चेहरा नुसता फुलला होता. हात मात्र तिने पोटाशी धरला होता. थंडी वाजत असेल. जुलै असला तरी तळ्यावरून वारा येतो.


१४ जुलै, रविवार

झोप नीट लागली नाही. त्या दोन ओळी करताना दोन-चार चेंडू निसटले तर नाहीत ना? पण मग आठवून पाहिलं. अंगठा आपोआप चालत होता. वहीत खूण, खटक्यावर दाब. एकही खूण चुकलेली नाही, मी तीनदा ताळा केला.

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि रुबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्या असतात. आल्मा कोपऱ्यात बसली होती.

"ये रे ये, अधिकृत नोंद," ती म्हणाली. "साखर किती, ते तरी मोजून घे."

"आल्मा, ते दाणे आहेत का अजून?"

तिने पर्समधून जॅमची बरणी काढली. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तिची सही. "मोज. पण सगळ्यांसमोर."

मी मोजले. एक्क्याण्णव. पुन्हा मोजले. एक्क्याण्णव.

"तांबड्या केसांचा तो पोरगा आला होता ना चौथ्या डावात," ती म्हणाली, "त्याने किती छळलं पोरीला! दोन स्ट्राइक झाल्यावर सात वेळा चेंडू रेषेबाहेर मारला. सात."

माझ्या हातातली वडी हातातच राहिली.

"त्या फाउलांनासुद्धा दाणा टाकलास?"

"मग? चेंडू रेषेबाहेर गेला हे हाताला कुठं कळतं? त्याने तर टाकलाच ना!"

घरी येऊन वही उघडली. लहानपणी मोठ्या भावाने मला खेळाची नोंद ठेवायला शिकवलं, तेव्हापासून एकच रीत. दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल गेला तर तिसरा स्ट्राइक धरत नाहीत, खेळ पुढे सरकत नाही. तो चेंडू झालाच नाही असं धरायचं, खूण करायची नाही. सत्तर वर्षं मी अशा चेंडूला पेन्सिल उचलली नाही. आणि या वर्षी पेन्सिल उचलली नाही म्हणून अंगठाही हलला नाही. तीस वर्षं मी वहीत डोकं घालून बसायचो आणि शेजारी ल्युएलाचा अंगठा मी न मोजलेले सगळे चेंडू मोजायचा. मला कधी कळलंही नाही की आमच्या दोन आकड्यांत फरक असतो. तिने कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? ते तर तिचंच काम होतं.

म्हणजे कवितेचा दोष नाही. हे कळून समाधान वाटायला हवं होतं.

चौऱ्याऐंशी अधिक सात.

मागच्या सामन्यांच्या वह्या पाहिल्या. तिथे आमचं कुणी साठाच्याही पुढे गेलेलं नाही, फाउल धरले तरी मर्यादेत. हा एकच सामना.

आणि सोमवारी फक्त एक सही करायची आहे.


१५ जुलै, सोमवार

सही केली नाही.

सहाला बैठक भरली. जिनेटने पेन माझ्यापुढे सरकवलं. मी उभा राहिलो. गुडघ्यांनी तेवढीच मोठी हरकत नोंदवली. म्हणालो, "आल्माचे दाणे बरोबर आहेत. माझा खटका चुकला." मग कसा चुकला ते सांगितलं.

कर्टिस खुर्चीतून उठला. "अहो, तुम्ही आमचेच ना? एकोणीस वर्षांनी पोरं अंतिमला आली! चूक तुमची, शिक्षा पोरांना?"

"हो," मी म्हणालो. "हेच वाईट आहे."

"मग काहीतरी वाट काढा की! कलमं तुम्हीच लिहिलीत!"

वाट मी रात्रभर शोधली होती. विधुराला माफी असा कुठे उल्लेख नाही. मी पुस्तिकेची मूळप्रत काढली आणि ल्युएलाच्या अक्षरातले तीन शब्द वाचून दाखवले. जिनेटने मूठ उचलली, आपटली मात्र नाही.

गंमत म्हणजे रॉसच डगमगला. "मला फक्त कुणीतरी ऐकावं एवढंच हवं होतं हो," तो म्हणाला. "एखाद्या चेंडूचा फरक असेल असं वाटलेलं मला. सासूबाईंवर माझाही विश्वास नव्हता. शेवटचा डाव पुन्हा खेळू या. मारनऐवजी दुसरं कुणी टाकेल."

"कलम चौदात 'पुन्हा' हा शब्द नाही," जिनेट म्हणाली.

"मग बदला कलम!"

"कलम तीन. हंगाम चालू असताना नियम बदलता येत नाहीत. तेही याच माणसाने लिहिलंय." माझ्याकडे बघून ती म्हणाली, "इतकं चांगलं कशाला लिहितोस रे?"

मतदान झालं. मी तटस्थ. सहा विरुद्ध शून्य. सामना डेअरीचा. रॉसचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, आणि कोपरात वाकलेला.

मी नोंद ठेवण्याच्या कामाचा राजीनामा देतो म्हणालो.

"कलम नऊ," जिनेट म्हणाली. "राजीनामा लेखी, तीन प्रतींत. आणि कार्बन पेपर माझ्या दुकानात संपलाय. बस खाली. वही तुझी. खटका आल्माकडे."

दारापाशी बसलेली आल्मा म्हणाली, "खटका ठेवा तुमच्याकडेच. माझे दाणे बरे आहेत."

ठराव मंजूर. पुस्तिकेत पुढच्या वर्षी राजम्याचं कलम येणार बहुतेक.


१६ जुलै, मंगळवार

वाईट बातमी फोनवर द्यायची नाही, टपालवाल्याची शिस्त. मारनच्या घरी चालत गेलो. पायरीवर बसली होती, कोपरावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी. कर्टिसने आधीच कळवलं होतं.

"खरंच एक्क्याण्णव?"

"खरंच."

"तुम्हाला सांगायलाच हवं होतं का?" डोळे भरले होते, पण सूर भांडणाचा. "बाबा एवढी सुट्टी काढून येणार होते. त्यांना त्या मैदानावर अंतिम सामना बघायचा होता."

तिच्या शेजारी बसलो. आम्ही समोरच्या अंगणातला पाण्याचा फवारा गोल फिरताना पाहिला.

मग तिने वाटाण्यांची पिशवी दुसऱ्या बाजूने फिरवली आणि खाली बघत म्हणाली, "शेवटच्या डावात दुखत होतं."

"अगं, मग बोललीस का नाही? कर्टिसने विचारलं होतं की, मी ऐकलं."

"मी म्हटलं, मस्त." तिने नाक पुसलं. "विचारलं की सगळेच मस्त म्हणतात, मिस्टर टॉर्सगार्ड. बाबा म्हणतात, म्हणूनच मोजायचं असतं. विचारायचं नसतं."

किती नेमकं बोलतो हा माणूस! मी तिथेच पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. त्याला एकदा भेटायलाच हवं. मंडळावर असायला हवा असा माणूस.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"आईने सकाळी नेलं होतं. काही झालेलं नाही. नुसतं सुजलंय. डॉक्टर म्हणाल्या, अजून दहा टाकले असते तर वेगळं बोलले असते."

मला एकदम हलकं वाटलं. हरलो होतो आम्ही, आणि मी मूर्खासारखा हसत होतो. ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली, मग तिलाही हसू आवरेना.

"बाबांना फोन करून सांगते, तुम्ही काय केलंत ते," ती म्हणाली. "नाव सांगू ना तुमचं?"

"सांग की. लपवायचं काय आता?"

निघताना मागून ओरडली, "आणि तुमची कविता दोन मिनिटं चाळीस सेकंद होती! आईने घड्याळ लावलं होतं! तीही मोजा!"


१७ जुलै, बुधवार

दुपारी कॉफी ओतत होतो.

थप्प.

मी स्वतःशीच हसलो. म्हातारा झालास अर्विड, आता रोज वाजणार.

थप्प. कपातली कॉफी थरथरली. आठवणीने कॉफी थरथरत नाही.

आवाज माझ्याच अंगणातून येत होता. मी बोटांवर मोजलं: रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. इतके चेंडू टाकल्यावर चार दिवस सक्तीची विश्रांती, आज चौथा. सुजलेलं कोपर घेऊन ही पोरगी माझ्या दारात चेंडू टाकतेय! एका पायात चप्पल, दुसरी हातात, तसाच निघालो. ओरडायची पूर्ण तयारी. कलम पंधरा तोंडपाठ.

दाराला हात लावणार, तोच घंटा वाजली.

दार उघडलं. हिरवळीच्या टोकाला मारन कॅचरसारखी उकिडवी बसली होती, ग्लव्हमध्ये चेंडू. म्हणजे टाकणारी ती नव्हती. रस्त्याकडेला एक मोठा ट्रक उभा होता, नंबरप्लेट नेब्रास्काची. आणि पायरीवर पन्नाशी ओलांडलेला एक रुंद खांद्यांचा माणूस. कानशिलं पांढरी. उजवा हात कोपरात किंचित वाकलेला, सरळ करायचं विसरून गेल्यासारखा. डाव्या हाताच्या बोटांना चेंडूची माती लागलेली.

त्याने टोपी दोनदा पुढे ओढली.

माझ्या हातातली चप्पल पडली.

त्याने मातीचा डावा हात माझ्यापुढे केला.

"एकशे सदतीस," ड्वेन म्हणाला. "त्या शनिवारी, फाउल धरून. आत येऊ का?"